पायाखालचा वास

पामबीच रोडच्या नर्सरीत दीडशे रुपयांना मिळालं.
आइस्क्रीमच्या काडीवर बॉलपेनने लिहिलेलं: थाईम, पसरणारं.
नर्सरीवाला म्हणाला, साहेब, इकडच्या हवेत टिकत नाही.
मी म्हटलं, मी चाकूरचा.
चौतीस वर्षं टिकलोय.

कोपरखैरण्याच्या आमच्या सिडकोच्या घराला
फाटकापासून पायरीपर्यंत अकरा फरश्या,
दोन फरश्यांमध्ये चार बोटं फट.
तिथली चिकट माती उकरून काढली,
भरली तुर्भ्याच्या खाणीची कच, विटांचा चुरा,
शेणखत चिमूटभरच.
जास्त झालं की हे माजतं, उंच होतं,
आणि मधूनच बोडकं पडतं.
फरश्या उचलून देणारा दशरथ भोपी
बघत होता कमरेवर हात ठेवून.
काका, झाड लावताय का स्लॅब टाकताय?

पाणी हात आखडून.
एवढं शिकायला दोन रोपं गेली.
पहिलं मी मायेनं मारलं,
रोज संध्याकाळी झारी घेऊन.
दुसरं ऑगस्टनं नेलं:
मधोमध तपकिरी, बुळबुळीत,
हात लावला की गळत्या केसांसारखं सुटून आलं.
आता मे संपायच्या आत कात्री चालवतो,
हिरवं तेवढंच, खालच्या लाकडाला न दुखवता.
आणि चार काड्या खोचून ठेवतो कुंडीत,
जिन्याखाली, जिथे झड पोचत नाही.
अंगणातलं गेलं तर
घरातलं असावं.

एक सांगायचं राहिलं.
मला वास येत नाही.

रबाळ्याच्या कंपनीत सत्तावीस वर्षं,
क्वालिटी कंट्रोल.
थायमॉल: खडीसाखरेसारखे स्फटिक,
पन्नास अंशांना वितळणारे,
दंतमंजनात जाणारे, खोकल्याच्या औषधात जाणारे.
ड्रम उघडायचा, हुंगायचा, सही करायची.
पुढे पुढे नुसतीच सही.
नाक नेमकं कुठल्या साली गेलं
याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.
घरात दूध करपून काळं झालं
आणि मी शेजारीच पेपर वाचत बसलो होतो,
तेव्हा सुमतीला कळलं. मग मला.

आणि हे झाडही असं,
नुसतं बघणाऱ्याला काही देत नाही.
तुडवावं लागतं.

परवा शेजारची स्वरांगी अनवाणी आली,
शटलकॉक पडलं होतं आमच्यात.
सहाव्या फरशीपाशी थबकली.
एका पायावर उभी राहून
दुसऱ्या पायाचा तळवा नाकाशी नेला,
त्या वयातच जमतं ते.
आजोबा, तुमच्या अंगणाच्या पोटात दुखतंय का?
ओव्याचा वास येतोय.

तेव्हापासून मी पायरीवर बसतो आणि तोंडं बघतो.
गॅसवाला सिलिंडर गडगडवत येतो,
मध्येच मान वळवतो, कुणी हाक मारल्यासारखा.
मीटर बघायला येणारी मुलगी
आकडा टिपताना एक श्वास जास्त घेते.
कुरियरवाल्याला काहीच होत नाही,
त्याच्या कानात फोन.
सुमती चपला फाटकाशीच काढते,
चालत येते मुद्दाम सावकाश,
आणि तापमान सांगावं तसं सांगते:
आज कालच्यापेक्षा जास्त. दुपारी ऊन होतं ना.

जुन्या वहीत मी लिहून ठेवतो.
तारीख, वार, जास्त किंवा कमी.
खाली सही.

फेब्रुवारीत बारीक जांभळट फुलं आली,
मोहरीएवढी. मधमाश्या आल्या,
कुठून आल्या या सेक्टरात कोण जाणे.
पंधरा दिवस आम्ही सगळे कडेकडेने चाललो.

फाटकाची कडी हल्ली लावत नाही.
कुणी पत्ता चुकून आलं तरी चालेल,
पायरीपर्यंत यावं.

तिसऱ्या-चौथ्या फरशीमध्ये मात्र अजून धरत नाही.
तिथे पन्हाळीचं पाणी ठिबकतं बहुतेक.
रविवारी दशरथला बोलवीन,
कच वाढवून बघू.